पडीक शेतातला वाटाणा

पडीक म्हणून नोंदलेल्या शेतात वाटाणा हातभर वर आला होता आणि बांधावर पाहणीला आलेले सरकारी साहेब उभे होते.

अनुदान होतं ते शेत पडीक ठेवण्याचं. वर्षभर जमिनीला हात लावायचा नाही. नांगर नाही, पेरणी नाही. बसून खायचे पैसे, अशी गावात थट्टा चाले. पण घरच्या मुलाने अर्ज केला होता तो म्हाताऱ्या वडिलांपायी. म्हाताऱ्यांना हल्ली माणसं ओळखू येत नसत. मुलगा दिवसभर फळं निवडण्याच्या शेडमध्ये कामाला जाई, आणि अनुदानाच्या पैशांतून वडिलांजवळ बसायला एक मावशी ठेवल्या होत्या. ते पैसे बंद झाले की मावशी बंद. मग वडिलांना घरात कोंडून जायचं. पूर्वी एकदा तसं केलं, तेव्हा संध्याकाळी दाराला आतून नखांचे ओरखडे दिसले होते.

"हे काय हो?" साहेबांनी विचारलं.

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. शेत उंचवट्यापलीकडे असल्यामुळे घरातून दिसत नसे आणि पडीक रानात कोण कशाला फिरकतंय?

मागून मावशी धापा टाकत आल्या. "अगंबाई! मला वाटलं, बाबा दुपारी पाय मोकळे करायला जातात. काठी असायची हातात. खिसे फुगलेले दिसायचे, म्हटलं असेल काही खायला. परत आले की झोपही कशी गाढ लागायची त्यांना!"

"नांगर फिरवू का आजच्या आज?" मुलाने विचारलं.

"जमीन उकरलीत तरी नियम मोडलाच." साहेबांनी मान खाजवली. माणूस वाईट नव्हता. "आपोआप उगवलेलं मात्र चालतं. पाखरांनी दाणे टाकले, असं लिहितो."

"पाखरांनीच, साहेब!" मुलगा लगेच म्हणाला.

साक्षीला आलेला शेजारी खुदकन हसला. "पाखरं दोरी धरून पेरायला लागली वाटतं." त्याचंही शेत याच योजनेत होतं आणि त्याच्या सहीशिवाय पाहणी पुरी होत नसे.

"तुम्ही सही करणार का, तेवढं सांगा," साहेब म्हणाले.

"करतो हो. मी काय पेरताना पाहिलंय कुणाला?"

साहेब जरा विस्कटलेला कोपरा शोधून फोटो घ्यायला वाकले, तेवढ्यात म्हातारे काठी टेकत बांधावर आले. त्यांना खूश करावं म्हणून साहेब म्हणाले, "आजोबा, पाखरांनी झकास पेरलंय बघा तुमचं रान."

"पाखरांनी?" म्हाताऱ्यांचा आवाज चढला. "डोळे फुटलेत का तुमचे? वीत मोजून, काठीने भोक पाडून एकेक दाणा टोकलाय मी. एवढी सरळ ओळ काढून दाखवा म्हणावं पाखरांना!"

शेजाऱ्याचं हसू मावळलं. "आता कशी करू सही, साहेब? कानांनी ऐकलं. उद्या चौकशी लागली तर माझंही अनुदान जायचं."

"बाबांचं मनावर घेऊ नका," मुलगा घाईघाईने म्हणाला. "त्यांना काही कळत नाही. ते उगाच..."

म्हातारे वळले. गेले कित्येक महिने ते त्याला आपला वारलेला भाऊ समजून 'दादा' म्हणत होते. आता त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"पोरा, तू तरी सांग. जमलंय ना?"

मुलाने शेजाऱ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं.

"जमलंय, बाबा. तुमच्यासारखं कुणाला टोकता येतंय?"

साहेबांनी खाली मान घालून 'पेरणी आढळली' असं लिहायला घेतलं. शेजारी चपलेला लागलेली माती बांधावर घासत राहिला.

"उद्या येऊ ना मी?" मावशींनी हळूच विचारलं.

म्हाताऱ्यांनी मुलाचं मनगट धरलं होतं आणि ते त्याला आत शेतात ओढत होते. मधल्या ओळीत दोन ठिकाणी दाणा उगवला नव्हता, त्याची त्यांना चुटपुट लागली होती.