मोठ्यानं वाचलेले मार्क

वर्गात मार्क वाचले म्हणून शिक्षिकेला ऑफिसात बोलावून घेतात? सुजाता मेश्रामला आधी वाटलं, आपलं इंग्रजी कमी पडतंय. तिनं पुन्हा विचारलं. प्रिन्सिपॉल डॉनोव्हन यांनी तेच वाक्य आणखी सावकाश म्हणून दाखवलं. "तुम्ही मुलांचे मार्क सगळ्यांसमोर वाचलेत. शेवटच्या आलेल्या मुलीला उभं केलंत. इथं मार्क फक्त त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना सांगतात. तसा नियम आहे."

"मग पहिलं कोण आलं ते वर्गाला कळणार कसं?"

"कळायचंच नसतं," डॉनोव्हन म्हणाले.

घ्या! सुजाता बघतच राहिली. गेल्या ऑगस्टात, म्हणजे पंच्याऐंशी साली, ती नागपूरची नोकरी सोडून मॅसॅच्युसेट्समधल्या या श्रूजबरी गावात गणित शिकवायला आली, तेव्हापासून सात महिने धक्केच खात होती. बाई आत आल्या तरी पोरं ढिम्म बसून राहतात. खुशाल च्युइंगगम चघळतात. एकानं तर बाकावर पाय टाकून "हाय" केलं होतं. ते सगळं तिनं मुकाट्यानं गिळलं. पण मार्क वाचायचे नाहीत म्हणजे काय! पंधरा वर्षं तिनं पेपर तपासून, क्रम लावून, पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत खणखणीत आवाजात यादी वाचली होती. पहिल्याला टाळ्या आणि शेवटच्याला दोन शब्द, मुलांच्याच भल्यासाठी.

"लेखी तक्रार आलीय," डॉनोव्हन म्हणाले. "शुक्रवारी वर्गाची माफी मागा. तुमच्या पुढच्या वर्षीच्या करारावर त्यानंतर निर्णय घेऊ."

करार! नवरा गेल्यापासून तिला एक लेक तेवढी उरली होती, तेरा वर्षांची दीपा. ती नागपुरात आजोबांकडे होती. करार वाढला की जूनमध्ये दीपाला इकडे आणायचं, या एका आशेवर सुजातानं इथला बर्फाचा हिवाळा काढला होता. जानेवारीत दीपानं पत्रात विचारलंही होतं, "आई, तिथं पण मी तुझ्याच वर्गात असेन का?" नागपुरात ती आईच्याच वर्गात होती. पोरीला आपल्याशिवाय करमत नाही, म्हणून सुजाताचे डोळे भरून आले होते. तिनं उलट टपाली कळवलं होतं, "हो गं राणी. मी तुझा वर्ग मागूनच घेईन."

तक्रारीचं पत्र टेबलावर उघडंच पडलं होतं. समोरून उलटी अक्षरं वाचायची सवय शिक्षकाला असतेच. तिनं खालची सही वाचली. सही शैलाची होती.

शैला म्हणजे गावात तिला भेटलेली पहिली मराठी बाई. जवळपास बस नाही आणि सुजाताला गाडी येत नाही, म्हणून रोज सकाळी आपल्या लेकीबरोबर तिलाही शाळेत सोडणारी. आजही सोडलं होतं. थर्मासमधला चहासुद्धा पाजला होता. आणि ती लेक, सुमेधा, पहिल्या चाचणीत अठ्ठ्याण्णव मार्क मिळवून वर्गात पहिली आलेली! सुजातानं तिला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. त्यानंतर पोरीच्या डोक्यात हवा गेली असणार, कारण दुसऱ्या चाचणीत कार्टीनं कोरा पेपर दिला. शून्य. यादीत शेवटची. सुजातानं तेही वाचलं होतं. आपलं माणूस म्हणून गाळलं नव्हतं.

मग तक्रार कशाची? तिला पहिली भेट आठवली. शैलानं आडनाव विचारलं होतं. 'मेश्राम' ऐकून क्षणभर थांबली होती आणि मग "चहा घेणार ना?" म्हणाली होती. तो क्षण सुजाता विसरली नव्हती. म्हणजे इथंही तेच! तिच्या बाबांना, धर्मराज मेश्रामांना, गावच्या शाळेत दाराबाहेर बसवायचे. त्यांचं नाव कुणी तोंडातून काढत नसे. पण निकालाच्या दिवशी गुरुजींना ते सगळ्यांत आधी घ्यावं लागलं, आणि आतल्या सगळ्यांना ऐकावं लागलं. ही हकीकत बाबांनी शंभरदा सांगितली होती. मोठ्यानं वाचलेला नंबर कुणाच्या बापाला दाबता येत नाही, एवढं तिला तेव्हापासून पक्कं ठाऊक होतं.

शाळा सुटल्यावर शैलाच्या गाडीची वाट न बघता ती मार्चच्या चिखलबर्फातून तणतणत दोन मैल चालत गेली. शैलानं दार उघडलं तेव्हा सुजाताचे बूट ओलेचिंब झाले होते.

"तोंडावर बोलायची हिंमत नव्हती का, शैलाताई? मेश्राम बाईनं तुमच्या मुलीचं शून्य वाचलं, ते झोंबलं होय?"

शैलानं तिला आत घेतलं. "काय बोलताय तुम्ही? मी दोनदा गाडीत विषय काढला, सुजाताताई. तुम्ही ऐकूनच घेतलं नाहीत. 'आमच्याकडे असंच असतं' म्हणालात. आठवून बघा."

आठवलं. खरंच म्हणाली होती.

"आणि आडनावाचं म्हणाल तर..." शैला अडखळली. "पहिल्या दिवशी मी थांबले होते. चुकलंच माझं. पण हे पत्र त्यापायी नाही हो. सुमेधाला विचारा."

सुमेधा जिन्यात उभी होती. चौदा वर्षांची, इथंच जन्मलेली. मराठी सगळं कळायचं, पण बोलायची इंग्रजीतच. सुजाताला शाळेत मिस मेश्राम म्हणायची आणि घरी काकू.

"पेपर कठीण होता का गं?" सुजातानं विचारलं.

"नो, काकू. इट वॉज ईझी."

"मग?"

"कॅरन वॉज लास्ट," सुमेधा म्हणाली. पहिल्या चाचणीतली शेवटची, जिला सुजातानं उभं केलं होतं, ती कॅरन. बालवाडीपासूनची तिची मैत्रीण. त्या दिवसापासून कॅरन जेवायला एकटीच बसायची, सुमेधाशी बोलायची नाही. "समबडी हॅड टू बी लास्ट. सो आय लेफ्ट इट ब्लँक." मग, बाईंना नीट कळावं म्हणून असेल, तिनं मोडक्या मराठीत सांगितलं, "मी लास्ट झाली, तर ती नाही होणार."

सुजाता तिथंच जिन्याच्या पायरीवर बसली. पंधरा वर्षांत तिनं किती याद्या वाचल्या होत्या! पहिले आलेले सगळे तिला नावानिशी आठवत होते. शेवटचं एकही नाव आठवेना. ती आठवू लागली आणि तिला घाबरायलाच झालं. शैलानं तिचे ओले बूट काढून हीटरपाशी ठेवले.

शुक्रवारी तिनं माफी मागितली. शिक्षकानं मुलांपुढे हात जोडायचे ही कल्पनाही तिच्या मनाला कधी शिवली नव्हती, पण तिनं जोडले. कॅरनकडे बघून जोडले. पोरं च्युइंगगम चघळायची थांबली होती.

पुढच्या गुरुवारी करार वाढल्याचं पत्र तिच्या हातात पडलं. शैलाच्या गाडीतून घरी येईपर्यंत तिनं ते चारदा वाचलं. दीपा येणार! इथल्या कुठल्या खोलीत तिचा पलंग टाकायचा हेसुद्धा ठरवून झालं. घराबाहेरच्या टपालपेटीत भारतातून आलेलं निळं हवाई पत्र होतं, दीपाच्या अक्षरातलं. सुजातानं ते उभ्याउभ्याच फोडलं.

"प्रिय आई, जय भीम. तू माझ्या वर्गावर असशील असं लिहिलंस. मग मी येत नाही. मी आजोबांकडेच राहते. तू इथं असताना सहामाहीत मी शेवटची होते, तेव्हा तू माझं नाव सगळ्यांपेक्षा मोठ्यानं वाचलंस. रागावू नको."

वाचलं होतं. बाईंनी लेकीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मुद्दाम मोठ्यानं वाचलं होतं. त्या दिवशी घरी येऊन बाबांना अभिमानानं सांगितलंही होतं. दीपा समोरच जेवत होती.

सुजाता आत गेली. अंगातला कोटही न काढता कागद घेऊन बसली. 'चि. दीपास' एवढं लिहिलं. परक्या पोरांपुढे माफी मागायला तिला पाच मिनिटं पुरली होती. इथं तास होत आला, तरी पुढची ओळ लिहून होईना.