पेन्सिलीतला नियम

मी वही बोलतेय. माझ्यात कविता नाहीत, की धोब्याकडे दिलेल्या कपड्यांची यादी नाही. माझ्यात नियम आहेत, आणि तेही अशा मुलखाचे, जो कुठेच नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या कागदगिरणीतला. कडा वाकड्या निघाल्या म्हणून बाजूला टाकलेला कागद ऑर्विल टेस्केने घरी आणला, बायकोच्या गोधडीच्या दोऱ्याने शिवला आणि वर पुठ्ठा चिकटवला. थोडक्यात, मी टाकाऊतून टिकाऊ.

रविवारी जेवणं उरकली की ऑर्विलच्या तळघरात तिघं जमत. स्वतः ऑर्विल, गिरणीतलाच त्याचा सोबती जीन, आणि शाळेत स्वयंपाक करणारी मार्लिस. टेबलावर तळलेल्या चीजची बशी, फासे आणि मी. ऑर्विल तो कल्पित मुलूख सांगायचा, बाकीची दोघं त्यात एकेक माणूस होऊन वावरायची, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवायचा. या खेळाच्या छापील पुस्तकातले नियम होतेच, पण प्रत्येक घराची फोडणी वेगळी. ती फोडणी माझ्यात.

नवा नियम आधी पेन्सिलीने लिहायचा. पुढच्या तीन बैठकांत कुणी हरकत घेतली नाही, की ऑर्विल त्यावरून शाई फिरवायचा. एकदा शाई लागली की बदल नाही. या रीतीचा त्याला भारी अभिमान होता.

मार्लिस खेळात हेस्का नावाची तलवारबाज व्हायची. सहा वर्षं तिच्या मनात एकच होतं. हेस्काने वैद्यकी शिकावी, पण तलवारही राखावी.

"मारणारा हात बरंही करू शकतो, एवढंच मला बघायचंय," ती म्हणायची.

ऑर्विलला हे लाड वाटायचे. एका माणसाला एक पेशा पुरे. त्याने पेन्सिलीने लिहिलं, 'पेशा बदलला की आधीचं सगळं विसरायचं.'

"यावर मी भांडणार आहे हं," मार्लिसने बजावलं. "पण आज नको. आईकडे जायचंय."

तिची आई अंथरुणाला खिळली होती. पुढचे तीन रविवार मार्लिस तिच्या उशाशी होती. तिसऱ्या रविवारी ऑर्विलने पेन उघडलं.

"अरे, तिला येऊ दे की," जीन म्हणाला.

"तीन बैठका झाल्या," म्हणत ऑर्विलने निब टेकवलं. मला तेव्हा ओरडता आलं असतं तर!

आईला मूठमाती देऊन मार्लिस आली, तिने मला उघडलं आणि त्या काळ्या ओळीवर बोट ठेवलं.

"ऑर्विल, हे काय?"

"हरकत आली नाही."

"मी मरत्या आईच्या उशाशी होते रे!"

"शाई म्हणजे शाई, मार्लिस."

"मग काय, हेस्काने तलवार मोडीत घालून मलमपट्टीचं दुकान टाकायचं?" जीनने हसवायचा प्रयत्न केला, पण कुणी हसलं नाही. मार्लिसने फासे खिशात टाकले, कोट चढवला आणि निघून गेली. खेळही मोडला. ऑर्विलने मला फळीवर ठेवलं.

अकरा वर्षं मी मिटलेली होते. मिटलेल्या वहीत वेळ पुढे सरकत नाही. माझ्या आत, शिकायला आलेली हेस्का वैद्याच्या दाराशी उभी होती, कडीकडे हात नेलेला, आणि भोवतीचा बर्फ हवेतच थांबलेला. कधीकधी वाटायचं, ती पाय बदलतेय. मी मनात म्हणायचे, थांब गं बाई, थोडं थांब.

एका हिवाळ्यात ऑर्विलने मला कोटाखाली घेतलं. आतून त्याच्या छातीची घरघर मला ऐकू येत होती. मार्लिसने दार उघडलं.

"चुकलो," तो म्हणाला.

"हे कळायला अकरा वर्षं लागली?"

"टेस्के घराण्यात याहून लवकर कळलं तर डॉक्टरला बोलावतात."

"आत ये आता. सगळी ऊब बाहेर चाललीय."

तिच्या स्वयंपाकघरात, त्या काळ्या ओळीच्या खाली, ऑर्विलने पेन्सिलीने लिहिलं, 'शिकायला एक हिवाळा द्यायचा. आधीचं काही विसरायचं नाही.' जीनला बोलावणं गेलं. हेस्काने कडी वाजवली आणि बर्फ पुन्हा पडू लागला.

दुसऱ्या बैठकीत हेस्काने ज्या दरोडेखोराला जखमी केलं, त्याचीच जखम बांधली. मार्लिसचे डोळे भरून आले. "पुढच्या रविवारी शाई," ऑर्विल म्हणाला.

गुरुवारी तो गेला.

दफनानंतर जीन त्याचं पेन घेऊन मार्लिसकडे आला. "रविवार आलाच आहे. लाव तूच शाई. आता हरकत घ्यायला कोण उरलंय?"

तिने पेन उघडलं. निबची थंडगार सावली माझ्यावर पडली. मग तिने टोपण लावलं.

"जो हजर नाही, त्याच्या मागे शाई फिरवायची नाही, जीन."

आता मी तिच्या खिडकीपाशी असते. पेन्सिल हात लागून पुसट होते, म्हणून दर हिवाळ्यात मार्लिस त्याच अक्षरांवरून पुन्हा पेन्सिल फिरवते. वरची शाईची ओळ काळी कुळकुळीत आहे, पण तिच्याकडे बघतो कोण!

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातही नियम होत असतील. ते पक्के करण्याआधी टेबलाभोवती एकदा नजर फिरवा. एखादी खुर्ची रिकामी असेल, तर थांबा. आम्हीही थांबलोय. आमची तिसरी बैठक अजून व्हायची आहे.