व्हर्जिलला जर्मन रायफल हवी होती

व्हर्जिल हौगन माझ्या बंदुकांच्या दुकानात शिरला आणि टोपीही न काढता म्हणाला, "कॅरल, ती जर्मन काढ."

"जर्मन? तुला?"

"मलाच."

माँटानातल्या आमच्या गावात सैनिकी धाटणीच्या जुन्या रायफलींवर वाद घालणं हा हिवाळ्यातला अर्धा उद्योग. अमेरिकन, बेल्जियन, जर्मन, तिघींनाही काडतूस एकच लागतं, पण त्यांच्यापायी माणसं सोयरीक मोडतील. अमेरिकन लाकडी दस्त्याची, नेमाला गोड, किमतीला कडू. बेल्जियन लांबलचक, पण ऐकण्यातली. जर्मन दणकट, गोळ्यांची मॅगझिनं स्वस्त. मात्र घोडा जड, आणि रिकामं काडतूस चेपून कुंपणापलीकडे भिरकावते. गिऱ्हाईक सगळं ऐकून घेतं आणि शेवटी दिसायला आवडेल ती नेतं.

व्हर्जिल वर्षानुवर्षं नुसती तुलना करत आलेला. रिकामी पितळी काडतुसं वेचून घरी पुन्हा भरणारा माणूस तो. जर्मनचं नाव काढलं की नाक मुरडायचा.

शेगडीजवळ कॉफी घेत बसलेला त्याचा दोस्त ड्वेन खिदळला. "अरे, मग पितळ कोण वेचणार? तुझी गुरं?"

"गुरं विकली. आणि आता पितळ वेचतंय कोण!"

ड्वेनने कप खाली ठेवला. व्हर्जिलची बायको मॅरिट वारून तीनेक महिने झाले होते.

मी रायफल काचेवर ठेवली. त्याने ती उचललीसुद्धा नाही.

"खांद्याला लावून बघ तरी."

"बरी आहे."

"बेल्जियन काढू? कालच आलीय."

"कुठलीही दे गं, लवकर दे."

मी उगाच काच पुसली, रायफल सरळ केली, पुन्हा तिरकी केली. वाद न घालता रायफल घेणारा व्हर्जिल मी कधी पाहिला नव्हता.

"आज मी तुला विकणार नाही."

"का? माझं नाव स्वच्छ आहे. विक्रीआधी सरकारला विचारतेस ना, विचार, लगेच हो म्हणेल."

"सरकार म्हणू दे. मी नाही म्हणतेय."

"असा धंदा करतात?"

"व्हर्जिल, जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

त्याने टोपी काढून हातात घेतली. म्हणाला, "घर फार मोठं झालंय गं."

मी रायफल मागे नेऊन कुलपात ठेवली. "घरातल्या बंदुकाही घेऊन ये. आमच्या तिजोरीत राहू देत. बरं वाटलं की ने."

"माझ्या होत्या की इथे, बायको सोडून गेली तेव्हा," ड्वेन म्हणाला. "परत देताना या बाईने त्यांना लावलेल्या तेलाचे पैसे मागितले."

व्हर्जिल हसला नाही. बाहेर जाऊन पिकअपमध्ये बसला, पण गाडी सुरू करेना. ड्वेन कोटाशिवायच धावला आणि कुणी न बोलावता शेजारी चढून बसला. काचेआड दोघांची तोंडं हलत होती. मग गाडी व्हर्जिलच्या घराच्या वाटेला वळली.

मी तिजोरीतला खालचा कप्पा रिकामा केला. दाराशी गेले. परत आले. कॉफी ओतली, प्यायले नाही. दर गाडीच्या आवाजाला मान वर. एकदा डाकवाली येऊन गेली, तिच्याशी काय बोलले देव जाणे.

दिवे लावायच्या वेळी ते आले. घोंगडीत गुंडाळलेल्या बंदुका ड्वेन एकेक आत आणत होता. शेवटची, हरणांच्या शिकारीची जुनी, मात्र व्हर्जिलने स्वतःच धरली होती. माझ्या हातात देताना तो थांबला.

"हिला कोरड्या जागी ठेव," तो म्हणाला. "लगेच गंजते. आणि दस्ता भिंतीला घासू देऊ नकोस, मला चरे आवडत नाहीत."

"हो रे बाबा," मी म्हटलं. "आता बस. जेवल्याशिवाय जायचं नाही."