ठिगळाचा पडदा

मी एक जुना पडदा आहे. चित्रपटगृहाचा. म्हातारा म्हणा, पिवळट म्हणा, पण मला भंगार म्हणाल तर याद राखा!

मित्रांनो, तुम्हाला गंमत वाटेल, पण मी एकही चित्रपट पाहिलेला नाही. चित्र माझ्या अंगावर पडायचं आणि मी समोरची माणसं बघायचो. हजार माणसं एकदम हसली की काय होतं, ते मला विचारा. कारखान्यात माझ्या अंगाला बारीक बारीक भोकं पाडली होती. माझ्या पाठीमागे कर्णे असत आणि आवाज त्या भोकांतून तुमच्यापर्यंत येई.

एकदा दुपारच्या खेळाआधी डोअरकीपरकाका माझ्यावरची धूळ झटकत होते. त्यांची शिडी घसरली आणि तिचं टोक थेट माझ्या पोटात घुसलं. हातभर फाटलो मी. मालक तापट होते, काकांची नोकरी जाणार हे नक्की होतं. काका धावत घरी गेले आणि काकूंना घेऊन आले. काकू शिवणकाम करायच्या. त्यांनी पांढरं जाड कापड घेतलं आणि मागच्या बाजूने असं ठिगळ लावलं की मालकांनाही दिसलं नाही.

खेळ सुरू झाला आणि घोटाळा झाला. ठिगळ नेमकं मधल्या कर्ण्यासमोर आलं होतं आणि नायिकेचा आवाज दबून येऊ लागला.

"ही बाई तोंडात बोळा कोंबून बोलतेय का?" मागून कोणीतरी ओरडलं. सगळं थिएटर खदखदून हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, भोकं राहिली की!"

मध्यंतरात काकांनी बॅटरी धरली आणि काकू पाठीमागे बसून दाभणाने भोकं पाडत राहिल्या. बोटं सोलवटली, पण त्या थांबल्या नाहीत. मध्यंतरानंतर बाईचा आवाज खणखणीत आला. काकांची नोकरी वाचली.

पुढे घरोघरी पडदे आले, मग खिशात मावणारे आले. मला त्यांचा राग नाही. पण त्यांच्यासमोर एकच तोंड असतं, हे कोणी त्यांना सांगेल का? माझ्यासमोरच्या खुर्च्या मात्र रिकाम्या होत गेल्या. शेवटी थिएटर पाडायचं ठरलं आणि एका ठेकेदाराने मला नेलं. गोदामातल्या सिमेंटच्या गोण्यांवर धूळ बसू नये म्हणून त्याला मला कापून आवरणं शिवून हवी होती. ती बेतायला त्याने मला कुठे न्यावं? काकूंच्याच शिवणाच्या दुकानात!

काकू आता थकल्या होत्या. त्यांनी मला पसरलं, खुणा करायला हात फिरवला आणि बोटं ठिगळावर थांबली.

"हे मी नाही कापणार," त्या म्हणाल्या.

"अहो मावशी, कापडच आहे ना ते?"

"नुसतं कापड असतं तर त्याला भोकं कशाला पाडली असती मी? ताडपत्री आणा, हवी तेवढी आवरणं शिवून देते. हा इथेच राहील."

ठेकेदार कुरकुरला, पण काकू कात्रीवर हात ठेवून बसल्या. शेवटी तो ताडपत्री घेऊन आला.

पुढे काकूंनी मला वाचनालयाला दिलं, आता मी तिथल्या सभागृहात असतो. रविवारी संध्याकाळी मला चौकटीवर ताणतात आणि मागे कर्णा ठेवतात. काका काठी टेकत येतात, पण बॅटरी दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाहीत. "पाय आवरा, पुढच्याला जाऊ द्या," असा दम अजून भरतात. काकू पहिल्या रांगेत बसून आवाज नीट येतोय ना, ते ऐकतात.

मित्रांनो, एवढंच सांगतो. मला घडी घालून कोपऱ्यात टाकू नका, घडीची रेघ नायकाच्या तोंडावर उमटते. ओल्या हातांनी मला पुसू नका. आणि जुनं झालं म्हणून कशावरही कात्री चालवण्याआधी त्यावरून एकदा हात फिरवून बघा.

माझं ठिगळ बघायचंय? खुशाल जवळ या, मी लपवत नाही. पण दिवे मालवले की मुकाट्याने आपापल्या जागेवर बसा. मला तुमचे चेहरे बघायचे आहेत.