तुमच्याच घरातला मुलगा

आमच्या मुरलीची एक खोड मला मुळीच पसंत नाही. ज्या गावात सभा घेतो, तिथल्या एका घरात तो जन्माला येऊन येतो. आमदारकीला उभा राहिला म्हणून काय झालं, माणसानं घरी सांगून तरी जन्माला यावं.

पहिल्यांदा हे हिंगणीत झालं. चावडीपुढे माईक धरून तो म्हणाला, "मी कुणी पाहुणा नाही. मी तुमच्याच घरातला मुलगा आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि वेशीजवळच्या एका माळकऱ्याच्या घरात तो झाला. आत्ता नव्हे, दुष्काळानंतरच्या साली, माझ्या पोटी झाला होता तेव्हाच.

संध्याकाळी घरी येऊन पाटावर बसला. मी वांग्याची भाजी वाढली. त्यानं ताट पुढे सरकवलं.

"लसूण आहे ह्यात. आमच्यात चालत नाही."

"आमच्यात म्हणजे कुणात रे?"

"हिंगणीच्या."

मी दुसरी भाजी केली नाही. त्यानं मिठाशी भाकरी खाल्ली आणि झोपला.

सकाळी ती हिंगणीची आई दारात. काडेपेटीत त्याचा दुधाचा दात घेऊन आलेली. दात खरा होता, गूळ चोरून खाऊन किडलेला. तो मी माझ्या हातानं आमच्या कौलांवर फेकला होता. सुनेला, निर्मलाला, शिडी लावून वर चढवलं. तिनं सगळी कौलं पाहिली. वर दात नव्हता.

मग तो चिंचोलीत झाला, सोनखेडात झाला, पलीकडच्या तांड्यावरही झाला. एकेक आई यायची, ओसरीवर पदर सावरून बसायची आणि चहात साखर कमी आहे म्हणायची. मुरली प्रत्येकीच्या मांडीवर डोकं ठेवायचा. सगळ्या सासवांच्या पाया पडून पडून निर्मलाची कंबर धरली.

"आत्याबाई, अजून किती यायच्यात?"

"मला काय विचारतेस? तुझ्या नवऱ्याला विचार."

माझं म्हणाल, तर दर सभेला माझ्या पोटावरची बाळंतपणाची एकेक वळी पुसली जात होती. त्याला गोवर कधी निघाला हे आठवायला जावं, तर तो सोनखेडात निघालेला असायचा. ज्या खोलीत मी त्याला जन्म दिला, तिच्या भिंती रोज जवळ येत होत्या. आतली बाज आधी तिरकी लावली, मग उभी केली.

शेवटी मीच त्याला अडवलं. "गावं किती राहिली?"

"झाली सगळी. आपलं गाव तेवढं शेवटी ठेवलंय."

मला बरं वाटलं. बेंबीखाली एक वळी अजून शिल्लक होती. आपल्या गावात बोलला की माझ्याच पोटी होणार, आणि एकदा झाला की बाकीचंही मागोमाग येईल. मी अंग चोरून खोलीत शिरले, जमीन सारवली, शेगडी पेटवली, जुनं मऊ लुगडं धुऊन घडी करून ठेवलं.

मारुतीच्या पारावर सभा झाली. मी पुढेच बसले होते, पोटावर हात ठेवून. त्यानं घसा साफ केला, तेच वाक्य म्हटलं, आणि तो द्वारकाबाई ताट्यांच्या घरी झाला.

ह्या द्वारकाबाईशी माझं बोलणं नाही. तिनं दळण टाकलं की मी दुसऱ्या गिरणीत जाते.

मी त्याला पारावरून उतरतानाच धरलं. "मुरली, घर सोडून तिच्याकडे?"

तो माझ्याकडे बघत राहिला. कुठंतरी भेटलोय, पण नाव आठवेना, असं. मग समजुतीनं म्हणाला, "ताट्यांची भावकी मोठी आहे. त्यांची मतं समोरच्याकडं जात होती. तुमच्या घरची कुठं जातात?"

घरी आले तर खोली नव्हती. ओसरी नव्हती. उंबरा होता, आणि मी उभी राहीन एवढंच दार. पोट लग्नाआधीच्या पोरीसारखं सपाट झालं होतं. मी दारात उभी राहिले. दुसरीकडे कुठं राहायला जागाच नव्हती.

सकाळी फेरी आमच्या गल्लीत आली. पुढे ढोलताशा, मध्ये मुरली, त्याच्या मागे द्वारकाबाई नव्या इरकली लुगड्यात, आणि तिच्या शेजारी डोक्यावर पदर घेतलेली निर्मला. निर्मलानं मला पाहून मान खाली घातली. मुरलीच्या हनुवटीवर ताट्यांची खळी पडली होती. तो हात जोडून माझ्यापुढे वाकला.

"मावशी, लक्ष असू द्या."

ताशा थांबला. मी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आणि द्वारकाबाईला नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पोरा, दिसायला बरा आहेस, बोलतोसही गोड. पण तुझ्या आईनं तुला वळण लावलं नाही."