पांढऱ्या पानाची परीक्षा

चाकूरच्या बाजारात नसते एवढी गर्दी त्या सकाळी आमच्या गावच्या पारावर जमली होती. माझं औषधाचं दुकान समोरच, त्यामुळे सगळं दिसत होतं. एकेक बाई पुढे येऊन दंड पुढे करी. पानबाबा झोळीतून नाजूक कातरलेलं पान काढत, दंडावर दाबत, वर थाप मारत आणि उचलत. सावळ्या कातडीवर पांढरंशुभ्र पान उमटलेलं असे. लोक हात जोडत.

"माहूरच्या कड्यावरचं पान हाय," बाबा सांगत होते. "ह्याला फूल न्हाई, फळ न्हाई, बी न्हाई. देवीच्या श्वासातून उगवतं. निर्मळ बाईवर उमटतं, भानामती करणारीवर उमटत न्हाई."

महिनाभर गावात भानामतीचीच बोंब होती. दोन सुना झटके येऊन पडल्या, एकीच्या अंगावर फुल्या उठल्या. त्यांना डॉक्टरकडे न्या म्हणून मी ओरडून थकलो. गाव लिंबं बांधत बसलं. शेवटी गावातले मोठे शेतकरी हणमंतराव यांनी हा बाबा आणला आणि चार दिवस घरी जेवू घातला.

मग नागम्माची पाळी आली. एकटी राहणारी विधवा. हणमंतरावांच्या विहिरीच्या वाटेत तिचं दोन एकर रान, आणि ती ते विकायला तयार नव्हती. बाबांनी पान दाबलं, थाप मारली, पान उचललं. दंड कोरा.

भानामतीच्या संशयावरून पूर्वी आमच्याकडे बाईचे दात पाडायचे, म्हणजे तोंडातून मंत्र नीट निघू नये. मी ते नुसतं ऐकलं होतं. आता हणमंतरावांचा मुलगा अमरेश पाराजवळ उभ्या ट्रॅक्टरमधली पक्कड घेऊन आला. दोन बायकांनी नागम्माचे हात धरले.

"मी काय वाईट केलं गा कुणाचं?" एवढंच ती म्हणाली. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. सांगायला लाज वाटते.

"हात सोडा तिचे." शाळेतल्या रईसा मॅडम गर्दीतून पुढे आल्या. त्या नववीला विज्ञान शिकवतात. "बाबा, बाकीच्यांना झोळीच्या उजव्या कप्प्यातलं पान. नागम्माबाईंना डाव्या. कामून?"

"देवीची मर्जी."

"वापरलेली पानं तुम्ही डाव्या कप्प्यात टाकून राहिलात. मघापासून बघून राहिले मी."

बाबांनी झोळी छातीशी धरली. मॅडमनी ती सरळ ओढून घेतली, उजवीकडचं ताजं पान काढलं आणि उलटं करून दाखवलं. वरून हिरवं, खालून चुना फासल्यासारखं.

"हा नेचा. बिनफुलांच्या वनस्पतींचा धडा हाय ना नववीला, त्यातला. ह्या जातीच्या पानाला खालून पांढरी भुकटी असते, ती अंगाला लागली की छाप उठतो. माहूरच्या सहलीत आमच्या पोरांनी गालांवर हेच छाप मारले होते. एकदा दाबलं की भुकटी गेली. आन् बी नसलं म्हणून श्वासातून उगवत न्हाई. पानाच्या काठाला ही तपकिरी रेघ बघा. हे बीजाणू, ह्यातूनच नवा नेचा येतो."

त्यांनी ते पान नागम्माच्या दंडावर दाबलं. पांढरं पान उमटलं.

"निर्मळ निघाली बाई," मागून कुणी म्हणालं.

आता मात्र मॅडम भडकल्या. दुसरं ताजं पान त्यांनी ट्रॅक्टरच्या टायरवर दाबलं. तिथंही छाप. "टायर पण निर्मळ का?" मग डाव्या कप्प्यातलं पान अमरेशच्या दंडावर थापलं. दंड कोराच.

"बोल, तुझे दात पाडायचे?"

अमरेशने पक्कड खाली ठेवली. दुपारी जादूटोणाविरोधी कायद्याखाली पोलीस बाबाला घेऊन गेले. हणमंतरावांचं दार दिवसभर बंद होतं.

नागम्मा माझ्या दुकानात पाणी प्यायली. "मॅडम आज सुट्टीवर असत्या तर?" तिने विचारलं.

पानाला माणसाचं पाप-पुण्य कळत नाही. नववीचा तो धडा अर्धं गाव शिकलं आहे, पण पान उलटून एकानेही पाहिलं नाही. तुमच्या गावात असं काही आलं तर आधी हातात घ्या, उलटून बघा, प्रश्न विचारा. आणि कळत असूनही माझ्यासारखे गप्प राहू नका.