मिनिटाला अठ्ठावीस फेरे

बल्लारपूरचं सोल श्रवण मंडळ पाच ऑक्टोबरला, रविवारी, दुपारी चार वाजून पन्नास मिनिटांनी बरखास्त झालं. सूचक कय्यूमभाऊ, अनुमोदक मुखरूभाऊ. बाकीचे दोघं काही बोलले नाहीत, म्हणजे हरकत नाही असं धरलं गेलं.

रजिस्टरात मात्र तसं काही झालेलं नाही. मंडळ आहे. सचिव धम्मदीप आजही विचारणाऱ्याला सांगतो, रविवारी चारला या, शटर अर्धं उघडं असेल, वाकून आत या, चप्पल बाहेर ठेवू नका, जाते. तेव्हा मंडळ चालू आहे असं धरूनच पुढं जाऊ.

मंडळाचे सभासद चार आणि सोलची, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यांची, रेकॉर्ड एक. १९७७ साली गावातल्या कारखान्यात एक यंत्र बसवायला अमेरिकेहून एक फिटर आला होता. येताना त्यानं स्वतःचा रेकॉर्ड प्लेअर आणि एक रेकॉर्ड आणली, कारण त्याला कोणीतरी सांगितलं असावं की इथं करमणूक नाही. एप्रिलपर्यंत तो टिकला. मे लागला, पारा सत्तेचाळीसवर गेला आणि फिटर मायदेशी गेला. प्लेअर तेवढा रेकॉर्डसकट कय्यूमभाऊंच्या वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होता, तो तिथंच राहिला. तिकडची वीज एकशेदहा व्होल्टची, इथली दोनशेतीसची, हे वडिलांना माहीत होतं. त्यांनी विटेएवढा ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळून बसवला. मशीन चालू झाली. कय्यूमभाऊ तेव्हा अठरा वर्षांचे होते. अठ्ठेचाळीस वर्षं झाली, ते अजून तेच ऐकत होते.

रेकॉर्डचं कव्हर पहिल्याच पावसाळ्यात उधईनं खाल्लं. उरला एक कोपरा, त्यावर कोणाचा तरी पाय आणि गाडीचं अर्धं चाक. मधल्या गोल कागदावर नाव होतं, एल. सी. टार्व्हर, १९७५. एवढी माहिती पुरे होती. मंडळी त्यांना टार्व्हरभाऊ म्हणत.

टार्व्हरभाऊंचा आवाज खोल होता. जमिनीखालून आल्यासारखा, जड, प्रत्येक शब्द ओढून, जणू गाण्यासाठी ड्यूटी संपवून थेट आलेत आणि अजून बूट काढायचेत. मागं गाणारी चार माणसं, भजनाच्या शेवटच्या तासासारखी थकलेली. दुसऱ्या गाण्यातला बास म्हणजे, मुखरूभाऊंच्या मते, वर्धा नदीच्या पुलावरून सिग्नल न मिळाल्यानं रांगत चाललेली बेचाळीस वाघिणींची कोळशाची गाडी.

"हा माणूस रडत नाई," मुखरूभाऊ दर रविवारी म्हणत. "रडणं गिळून राह्यला. गिळणं ऐकू येते, पाह्य."

"हमारे यहाँ का आदमी है," कय्यूमभाऊ म्हणत. "गलती से उधर पैदा हो गया. छेचाळीस डिग्रीत कसं गावं, ते त्यालेच माहीत."

नियम कडक होते. पहिली बाजू संपेपर्यंत बोलायचं नाही. बाजू उलटताना चहा. एका रविवारी रेकॉर्ड एकदाच. आणि टार्व्हरभाऊ या मशीनीबाहेर ऐकायचे नाहीत. धम्मदीपनं एकदा फोनवर शोधू का म्हटलं, तेव्हा कय्यूमभाऊंनी पान्हा खाली ठेवला आणि म्हणाले, "घरी आई जेवायले वाढून राह्यली, तू हॉटेलचं कार्ड काऊन वाचून राह्यला बे?" विषय संपला.

धम्मदीपचं तिथं असण्याचं कारण संगीत नव्हतं. त्याचा बाप श्रावण वजनकाट्यावर कामाला होता आणि मंडळाचा पाचवा, खरं म्हणजे दुसरा सभासद होता. रेकॉर्ड ऐकून ऐकून त्यानं सगळी गाणी पाठ केली. अर्थ कळत नव्हता, पण आवाज, मुखरूभाऊ शपथेवर सांगत, आवाज तोच. दीक्षाभूमीच्या बसमध्ये, कोणाच्या बारशाला, श्रावणला गायला लावत, आणि तो गायचा. २००२ साली मेंदूच्या मलेरियानं तो तीन दिवसांत गेला. धम्मदीप तेव्हा तीन वर्षांचा होता. कय्यूमभाऊंनी श्रावणचं गाणं एकदा टेप केलं होतं. पुढं त्याच कॅसेटवर मुखरूभाऊंच्या पोरीची हळद भरली गेली. हळद आजही स्पष्ट ऐकू येते.

म्हणून श्रावण गेल्यापासून धम्मदीपची आई मनकर्णाबाई दर रविवारी पोराला घेऊन दुकानात यायची, लोखंडी स्टुलावर बसवायची आणि तिसरं गाणं लागलं की सांगायची, "हे ऐक. तुझा बाप असा गात होता."

धम्मदीपनं ऐकलं. वर्षातून बावन्न वेळा, तेवीस वर्षं. बाप कसा दिसायचा, ते रेशनकार्डावरच्या फोटोत होतं, म्हणजे नव्हतंच. बाप कसा ऐकू यायचा, ते मात्र त्याला माहीत होतं. त्याचा स्वतःचा आवाज बारीक निघाला. बसस्टँडजवळ त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे, आणि फोन करणारी निम्मी माणसं त्याला मॅडम म्हणतात. तो हो म्हणतो, काम होतं. आपल्यालाही पुढंमागं तो आवाज येईल, असा त्याचा हिशेब होता. सव्विसाव्या वर्षी तो हिशेब जरा ताणलेला होता, पण चालू होता.

रेकॉर्डला पन्नास वर्षं झाली. रजिस्टर ठेवणाऱ्या माणसाला गोल आकडा दिसला की राहवत नाही. धम्मदीपनं नियम मोडला, पण गाणं न ऐकता. फक्त पत्ता शोधला. टार्व्हरांच्या मुलीनं एक पान काढलं होतं, जगभरच्या चाहत्यांनी चार शब्द पाठवावेत असं. ग्लेंडा तिचं नाव. धम्मदीपनं इंग्रजीत चार पानं पाठवली. विषय, संदर्भ, मंडळाची स्थापना, वाघिणींचा बास, गिळलेलं रडणं. शेवटी लिहिलं, आपल्या वंदनीय वडिलांनी बल्लारपूरच्या एका मुलाला त्याचा बाप सांभाळून दिला, त्याबद्दल आभार.

उत्तर एका ओळीचं आलं. तुम्ही लोकं कोण आहात ते मला बघायचंच आहे, रविवारी बोलू.

रविवारी दुपारी चारला, तिकडच्या सकाळी साडेसहाला, ग्लेंडाबाई फोनच्या पडद्यावर आल्या. साठीच्या, डोक्याला रुमाल, हातात कप. कय्यूमभाऊंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मनकर्णाबाईंनी लुगडं बदललं होतं. फोन सोल्डरिंगच्या स्टँडला टेकवला आणि कय्यूमभाऊंनी सुई तिसऱ्या गाण्यावर ठेवली.

ग्लेंडाबाई हसत ऐकू लागल्या. मग हसू तसंच राहिलं आणि भुवया वर गेल्या. मग त्यांनी काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" कय्यूमभाऊ म्हणाले.

"म्हणते, हा कोण बाप्या गाऊन राह्यला?"

"सांग ना, तुमचे अब्बा."

धम्मदीपनं सांगितलं. तिकडून बराच वेळ बोलणं झालं. धम्मदीपनं ते एका वाक्यात आणलं. "तिचा बाप ट्रक चालवत होता म्हणते. गाणारी तिची आई."

"आई म्हणजे?" मुखरूभाऊ.

"आई म्हणजे आई, भाऊ."

ग्लेंडाबाईंनी कप ठेवला आणि त्यांच्याकडच्या रेकॉर्डवर तेच गाणं लावलं. एक बाई गाऊ लागली. आवाज भरदार होता, पण बाईचाच, चपळ, आणि हसता हसता, जशी कोणी धुणं वाळत घालताना शेजारणीला चावट काही सांगते. मागच्या चार थकलेल्या माणसांच्या जागी चार पोरी होत्या आणि त्या अजिबात थकलेल्या नव्हत्या. कोळशाची गाडी नव्हती. असलीच तर प्रवासी एक्स्प्रेस होती, आणि वेळेवर होती.

या गाण्यावर मनकर्णाबाई तेवीस वर्षं रडत होत्या. धम्मदीपला त्यातले आजवर दोनच शब्द कळले होते, बूट आणि रस्ता. म्हणून मंडळानं ठरवलं होतं की हा अनवाणी, दूर चाललेल्या माणसाचा शोक आहे. आता सगळेच शब्द कळत होते. बाई नवऱ्याचे बूट एकेक करून रस्त्यावर फेकत होती आणि मोजत होती.

मनकर्णाबाईंनी पर्सची चेन लावली.

ग्लेंडाबाई फार भल्या. आई असती तर हसून लोळली असती, असं म्हणाल्या. सगळ्यांनी हात जोडले. फोन बंद झाला.

मुखरूभाऊंनी मशीन उलटी करायला सांगितली. खाली पत्र्याची पट्टी होती, अठ्ठेचाळीस वर्षांची धूळ होती. त्यांनी थुंकी लावून पुसली आणि बॅटरी मारून वाचलं. एकशेदहा व्होल्ट. साठ सायकल.

मग ते खाली पोत्यावरच बसले. मुखरूभाऊ वीज केंद्राच्या कंट्रोल रूममधून रिटायर झालेले. एकतीस वर्षं त्यांचं काम एकच, इथली वीज सेकंदाला पन्नास सायकल धावते, त्या पन्नासवरचा काटा हलू द्यायचा नाही. थोडा खाली आला तर वरून फोन यायचा, लग्नघरातून उठवून न्यायचे.

"साठची मशीन," ते म्हणाले, "पन्नासवर चालवली तं हळूच फिरन ना. मिनिटाला तेहतीस फेऱ्याच्या जागी अठ्ठावीस. शाळेचं पोरगं सांगन. आठ तास मी पन्नास-पन्नास करत होतो, आणि ड्यूटी संपली का इथी येऊन तेच ऐकून रडत होतो."

"अब्बानं व्होल्ट पाह्यले होते," कय्यूमभाऊ म्हणाले.

"व्होल्ट सारेच पाह्यतात, कय्यूम."

पुढच्या रविवारी मुखरूभाऊ आले नाहीत. कय्यूमभाऊंनी मात्र आठवडाभर मशीन खोलून ठेवली होती. मोटरच्या दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळून त्याचा घेर वाढवला, घड्याळ लावून फेरे मोजले. तेहतीस आणि वर तिसरा हिस्सा. कारागिराचा चेहरा होता त्यांचा. बाई मोकळी गात होती आणि खरं सांगायचं तर रेकॉर्ड उत्तम होती. आधीपेक्षा चांगली. बाहेर पानठेल्यावरची दोन पोरं मान हलवत होती.

"देखा? अठ्ठेचाळीस वर्षांचा फॉल्ट. दोन रुपयाच्या टेपनं गेला."

"भाऊ," धम्मदीप म्हणाला, "पट्टी काढा."

"काऊन बे? आता तं बरोबर झालं."

"बरोबर नाही पाहिजे."

कय्यूमभाऊंनी त्याच्याकडं पाहिलं, मग स्टुलावर बसलेल्या मनकर्णाबाईंकडं पाहिलं, आणि गुपचूप ब्लेड घेतलं. पट्टी सोलून काढली. सुई ठेवली. मशीन पूर्वीसारखी, मिनिटाला अठ्ठावीस फेरे, हळू, जड.

टार्व्हरभाऊ आले नाहीत. बाईच आली. कोणीतरी गादीखाली दाबून धरल्यासारखी, गळा जाड करून, पण तीच. एकदा ओळख पटली की माणूस लपत नाही. धम्मदीपनं डोळे मिटून पाहिलं, उघडून पाहिलं, कान भिंतीकडं करून पाहिलं. ती बूट मोजतच होती, फक्त झोपेत.

"आई," तो म्हणाला, "बाबा असे गात होते ना?"

"असेच."

"असे म्हणजे हे, का टेप लावल्यावरचं?"

"हे. याच मशीनीवरून घोकलं त्यानं. गाताना हाच गळा काढे. बोलताना वेगळा होता."

"कसा होता?"

मनकर्णाबाईंनी विचार केला. मनापासून केला, हे दिसत होतं. गाणं संपलं, सुई आतल्या रिकाम्या खाचेत जाऊन खरखर करत राहिली, कय्यूमभाऊंनी ती उचलली नाही.

"आठवत नाई," त्या म्हणाल्या. "खोटं काऊन सांगू. आधी होता ध्यानात. मंग दर रविवारी हेच ऐकून ऐकून, 'मनकर्णा, पाणी दे' म्हणे ना तो, ते बी टार्व्हरच्याच आवाजात येऊ लागलं. मले वाटे, बरं हाय, येते तं सही." त्यांनी पर्स उचलली. "आता घरी बसलं का ती बाई म्हणते, पाणी दे."

धम्मदीपनं मुखरूभाऊंच्या घरी जाऊन विचारलं. ते म्हणाले, बोलताना तो फार बोलत नव्हता. कय्यूमभाऊ म्हणाले, आदमी अच्छा था. वजनकाट्यावरचा जुना सोबती बिरजू गोंडपिपरीकडं राहतो, त्याच्याकडं बस करून गेला. तो म्हणाला, श्रावण म्हणजे गाणारा ना, आणि रेकॉर्डचंच वर्णन करू लागला, खोल, जड, जमिनीखालून. धम्मदीपनं चहा संपवला आणि साडेतीनची बस धरली.

पुढच्या रविवारी मुखरूभाऊ आले, शटरखालून वाकून आत शिरले, आणि ठराव झाला. म्हणजे झालेला नाही, ते वर आलंच आहे.

सोमवारी दुकान उघडल्यावर धम्मदीपनं पहिला अर्ज स्वतःचा टाइप केला. दिवसाला तीस अर्ज तो लोकांचे करतो, त्याला मसुदा लागत नाही.

प्रति, मा. निबंधक, जन्म-मृत्यू नोंदणी विभाग, नगर परिषद, बल्लारपूर.

विषय : मृत्यूच्या नोंदीत राहून गेलेला तपशील समाविष्ट करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचे वडील श्रावण यांच्या मृत्यूची नोंद सन २००२ मध्ये आपल्या कार्यालयात झालेली असून त्यात नाव, वय, लिंग, व्यवसाय व मृत्यूचे कारण हे तपशील बरोबर आहेत. त्याबद्दल तक्रार नाही. तथापि मयताचा बोलण्याचा आवाज नमूद केलेला नाही. सदर आवाज कुटुंबाकडे उपलब्ध नाही. साक्षीदार चार असून एकास आठवत नाही, दोघे सांगत नाहीत, व एक चुकीचे सांगतो. अर्जदार त्यावेळी तीन वर्षांचा असल्याने त्याचा जबाब ग्राह्य धरता येणार नाही, याची त्यास जाणीव आहे. तरी आपल्या स्तरावरून स्थानिक चौकशी करून मयताच्या आवाजाची नोंद मूळ रजिस्टरमध्ये घेण्यात यावी, त्यासाठी रकाना नसल्यास तो वाढवण्यात यावा, व त्याची साक्षांकित प्रत, ऐकता येईल अशा स्वरूपात, अर्जदारास देण्यात यावी, ही नम्र विनंती.